मेंढ्या बसलेली जागा

सकाळी सकाळी गिरणीवाल्याची आणि अक्काची जुंपली ती तात्याच्या मेंढ्यांवरून. भांडणात नवं काही नव्हतं. पेरणी जवळ आली की दरवर्षी कुणाची ना कुणाची जुंपायचीच, आणि तात्या खुंटाला टेकून, दातात काडी धरून ते निवांत ऐकत राहायचा. त्याच्याकडे जमीन म्हणाल तर घरामागचा एक तुकडा, तोही बायकोच्या ताब्यात. पण पेरणीआधी ज्याच्या शेतात त्याच्या मेंढ्या रात्री बसायच्या, त्या शेताला लेंडीखत मिळायचं, मूत मुरायचं, आणि मग पीक असं यायचं की शेजाऱ्याच्या पोटात दुखावं. एरवी वर्षभर तात्याला कुणी हिंग लावून विचारत नसे. या दिवसांत मात्र त्याचा भाव वधारायचा, आणि खोटं कशाला बोला, त्याला ते फार आवडायचं.

"मागच्या वर्षी तुझ्याकडे बसल्या की," अक्का म्हणत होती. "यंदा माझी पाळी. शब्द दिलाय त्यानं मला."

अक्का ही तात्याची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून शेत एकटीच बघायची. गेल्या हंगामात तिच्या शेतात बी धड उगवलंच नव्हतं. माती दमून गेली होती. यंदाही खत मिळालं नाही तर शेत पडीक टाकायची वेळ येणार, हे तिलाही माहीत होतं आणि तात्यालाही.

"तुझी पाळी कुठं पळून चाललीय?" गिरणीवाला म्हणाला. "थोड्या रात्री माझ्याकडे बसू देत, मग ने. मागच्या वर्षी बघितलंस ना, मेंढ्या बसल्या तेवढी जागा सगळ्यांच्या आधी हिरवी झाली. येणारे-जाणारे थांबून बघायचे."

"बघायचे ना? मग यंदा माझं बघू देत."

तात्यानं तोंडातली काडी काढली. "अक्काकडेच जाणार. बोलून बसलोय मी. तिच्यानंतर तुझ्याकडे, आणि आता पुरे करा, मेंढ्या बिचकतात."

मेंढ्या काही बिचकल्या नव्हत्या. पण गिरणीवाला निघाला, आणि जाता जाता त्यानं टोमणा मारून घेतलाच. "काय रे, त्या कुंपणवाल्या बाईनं तुझ्या लेंड्यांना पहिला नंबर दिला की नाही अजून?"

"देईल. बोलावणं आलंय आजच," तात्या म्हणाला आणि त्याची छाती फुगली.

ही कुंपणवाली बाई आली होती पाहुणीसाठी. पाहुणी म्हणजे माळावर माजलेलं तण. एका कोरड्या वर्षी बाहेरून ट्रक भरभरून वैरण आली, त्यातून ते आलं असावं असं म्हातारी माणसं सांगायची. पहिल्या वर्षी रस्त्याकडेला चारदोन झुडपं, पिवळीधमक फुलं. पोरींनी तोडून घरी नेली. पुढं ते माळावर चढलं आणि गवताच्या उरावर बसलं. त्याच्या खाली दुसरं काही म्हणून धरेना. हिरवं असताना जनावर तोंड लावत नसे, आणि वाळल्यावर त्याची काटेरी बोंडं वाऱ्यानं दिवसभर खुळखुळत राहायची. एकदा आलं ते उठायचं नावच घेईना, म्हणून गावानं त्याला पाहुणी म्हणायला सुरुवात केली. पहिल्यांदा सगळे हसायचे. आता माळाच्या तीन बाजू पाहुणीनं खाल्ल्या होत्या आणि त्या नावाला कुणी हसत नव्हतं.

बाईनं माळावर तारेचे चौकोन घातले होते. एकातली पाहुणी उपटायची, एकातली जाळायची, एकात औषध मारायचं. एकात तिनं डबीतून आणलेले बारके किडे सोडले. ते म्हणे पाहुणीशिवाय दुसऱ्या कशाला तोंड लावत नाहीत. आणि एक चौकोन काहीच न करता तसाच ठेवला, बाकीच्यांशी ताडून बघायला. त्याला गाव 'बाईचं लाडकं' म्हणायचं. थट्टा पुष्कळ झाली, पण तात्याला बाई आवडायची. उन्हातान्हात मान खाली घालून माळ तुडवायची आणि माहीत नसलेलं सरळ विचारायची. मध्यंतरी तिनं विचारलं, "तात्या, तुमच्या मेंढ्या उन्हाळ्यात काय खातात?"

"मिळेल ते खातात. आता तर पाहुणीची वाळकी बोंडंसुद्धा चघळतात बिचाऱ्या. पोटात काहीतरी गेल्याशी कारण."

बाई होती तिथं थांबली. मग म्हणाली, "मला थोड्या लेंड्या द्याल का? तपासायच्या आहेत."

थोड्या कशाला? तात्यानं पाटीभर दिल्या, त्याही निवडून, खडा-काडी काढून. आणि लेंडीखत तपासायला शहरातून माणसं येतात, असं तो गावभर सांगत सुटला.

बाईची खोली बंद पडलेल्या दवाखान्याच्या मागच्या बाजूला होती. तात्या दुपारी गेला तेव्हा आत ओल्या मातीचा वास भरला होता. भिंतीच्या खिळ्यांना गवताच्या पेंड्या उलट्या टांगलेल्या, टेबलावर तराजू, आणि खिडकीखाली पत्र्याचे पसरट ट्रे ओळीनं मांडलेले. एक ट्रे नुसताच काळा होता. शेजारच्यात दाट कोंब आले होते. दोन दोन गोल पानं, आणि लालसर देठ.

लाल देठ बघून तात्याचा चेहरा उतरला. ती पानं तो झोपेतही ओळखू शकला असता.

"हा तुमच्या लेंड्यांचा ट्रे," बाई म्हणाली. तिला ते सांगताना बरं वाटत नव्हतं हे दिसत होतं.

"वाऱ्यानं पडलं असेल बी. खिडकी उघडी ठेवता तुम्ही."

"म्हणून तर हा काळा ट्रे शेजारी ठेवला. माती तीच, भट्टीत भाजून घेतलेली. पाणी तेच, खिडकी तीच. फक्त लेंडी घातलेली नाही. त्यात एक कोंब नाही बघा."

तात्या वाकून काळ्या ट्रेकडे बघत राहिला. एखादा तरी कोंब सापडावा म्हणून त्यानं बोटानं माती उकरलीसुद्धा. बाईनं त्याला उकरू दिलं.

"थोडं लोकरीत अडकूनही जातं," ती म्हणाली, "पण जास्त जातं पोटातून. बी मरत नाही आत. उलट खतासकट जमिनीत पडतं."

"मग मेंढ्या काय मारून टाकू?"

"नाही हो. शेतात नेण्याआधी आठवडाभर एका जागी कोंडायच्या. माळावर नाही, तिथं पुन्हा तेच खातील. पोटावरची लोकर कातरायची, स्वच्छ वैरण घालायची. पोट रिकामं झालं की मग कुठंही न्या. मात्र जिथं कोंडाल तिथं पाहुणी उगवणार हे धरून चाला. फुलायच्या आत ती उपटावी लागेल, एकूण एक. पुढची काही वर्षं."

"हे कुणाकुणाला सांगितलंय?"

"कुणालाच नाही. आणखी एकदा पेरून बघितल्याशिवाय मी गावात बोलणार नाही. चूक निघाली तर तुमचं नुकसान होईल."

तात्याला हे ऐकून आधी हायसं वाटलं. बाहेर आल्यावर त्या हायसं वाटण्याचीच त्याला लाज वाटली.

घरी जायचं सोडून तो गिरणीवाल्याच्या शेताकडे वळला. ऊन उतरलं होतं, पण वारा भट्टीतून आल्यासारखा येत होता. पीक कधीच निघालेलं, नुसती धसकटं. आणि मधोमध वाळलेल्या पाहुणीचा दाट पट्टा उभा होता. तात्यानं तो याआधीही येता-जाता बघितला होता. पाहुणी कुठं नाही, म्हणून पुढं गेला होता. आज तो त्याच्या कडेकडेनं चालू लागला.

कड सरळ होती. चालता चालता कोपरा आला, तोही काटकोनात. दुसरी कड, दुसरा कोपरा. वाऱ्यानं पडलेलं बी असं आखून पडत नाही. तिसऱ्या बाजूला माणूस जाईल एवढी मोकळी फट होती, आणि तात्याला आठवलं की तिथं त्यानं मेंढ्या कोंडायच्या जाळीचं दार ठेवलं होतं. फटीला लागून आतल्या बाजूला थोडी जमीन बोडकी होती. तिथं तो घोंगडी टाकून झोपायचा. त्याची झोपायची जागा तेवढी पाहुणीनं सोडली होती.

आजूबाजूला कुणी नव्हतं. बोंडं खुळखुळत होती.

तो तसाच पुढच्या शेतात गेला, तिथून त्याच्या पुढच्या. ज्या वाटेनं त्यानं दरवर्षी कळप फिरवला होता त्याच वाटेनं तो चालला होता, आणि प्रत्येक शेतात त्याची जाळी जिथं उभी होती ती जागा त्याला लांबूनच दिसत होती. आजवर लोक त्याला चहा पाजून, पुढं होऊन जाळी ठोकायला मदत करून घेऊन गेले होते. आणि त्यानं त्यांच्या शेतात हे पेरलं होतं. माळाचं वाटोळं करणाऱ्या पाहुणीला तो रोज शिव्या घालत होता, आणि तिला गावभर फिरवत होता तोच.

घरी आला तेव्हा बायको मागच्या तुकड्यात मिरचीची रोपं खुरपत होती. तिच्या त्या तुकड्यात तणाचं पान दिसायचं नाही. रोज संध्याकाळी ती तिथं वाकलेली असायची, आणि तात्या म्हणायचा की हिनं माझ्यापेक्षा मिरच्यांशी जास्त संसार केला. आज तो काही म्हणाला नाही. बांधावर बसला आणि सगळं सांगून टाकलं.

बायकोनं खुरपं खाली ठेवलं. शेवटी म्हणाली, "मग अक्कांकडे नेऊ नका."

"काय कारण सांगू?"

"आहे ते सांगा."

"आहे ते सांगितलं तर उद्यापासून गावात कुणी मला बांधावर उभं करेल का? माळ तर संपत आला. शेतात कुणी घेणार नाही. मग कळप ठेवायचा कुठं, खायचं काय आपण?"

"आणि नाही सांगितलं तर?"

तात्यानं मान वर केली. समोर तिचा तुकडा होता, कडेला गायीसाठी रचून ठेवलेली कडब्याची गंज होती, पलीकडे विहीर. बाईनं सांगितलं होतं तसं सगळं तिथं होतं. नजरेखालची जागा, स्वच्छ वैरण, पाणी. त्याला ते खोलीतून बाहेर पडल्यापासून ठाऊक होतं, आणि म्हणूनच तो सरळ घरी आला नव्हता.

बायकोला त्याची नजर कळली. ती ताडकन उभी राहिली. "माझ्या शेतात? त्यापेक्षा मला विहिरीत ढकला."

"दुसरी जागा सांग तू. कुठंही नेतो."

तिला भयंकर राग आला होता. मिरचीच्या प्रत्येक रोपाला तिनं कळशीनं पाणी घातलं होतं, आणि आता तिथं आठवडाभर अख्खा कळप हगणार होता. अंधारून येईपर्यंत ती तशीच उभी राहिली. मग खाली बसली आणि रोपं मुळासकट उपटायला लागली.

"काय करतेस हे?"

"लावते कुंड्यांत जेवढी राहतील तेवढी," ती म्हणाली. "पण अक्कांना तुम्ही सांगायचं. खरं सांगायचं. मेंढ्या आजारी आहेत, पाय दुखतोय, असली थाप मारलीत तर मी कुंपण उघडणार नाही."

दुसऱ्या दिवशी तात्यानं कळप माळावरून खाली उतरवला आणि गावासमोरून नेऊन घरामागं घातला. व्हायचं तेच झालं. घटकाभरात अक्का दारात, आणि तिच्या मागोमाग गिरणीवाला.

"हे काय रे? शब्द मला दिलास आणि कोंडल्यास स्वतःच्या दारात?" अक्काला धाप लागली होती. "बायकोनं सांगितलं वाटतं?"

थाप तात्याच्या ओठांवर आली होती. बायको दारात उभी होती, कुंड्यांमध्ये. त्यानं थाप गिळली आणि ट्रेपासून जाळीच्या कोपऱ्यापर्यंत सगळं सांगितलं. गिरणीवाल्याकडे वळून म्हणाला, "तुझ्या शेतातली पाहुणी मी लावली. माफ कर."

गिरणीवाला आधी त्याच्याकडे बघत राहिला आणि मग हसायलाच लागला. "लेंडीतून पाहुणी येते? मग बैलाच्या शेणातून ज्वारी येईल उद्या. तात्या, तुझं डोकं फिरवलं त्या बाईनं. माझी पिठाची गिरणी आहे, मला बी चावून काय होतं ते शिकवू नकोस. पीठ होतं त्याचं."

"जाऊन विचार बाईला."

"विचारतो की."

आणि तो खरंच गेला. बाईनं खोटं सांगितलं नाही. आपल्याला असं दिसलंय, पण आणखी एकदा पेरून बघायचंय, तोवर छातीठोकपणे सांगता येणार नाही, असं ती म्हणाली. गिरणीवाल्यानं त्यातलं शेवटचं तेवढं उचललं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की बाईलाच पक्कं माहीत नाही, आणि तात्यानं बहिणीला टाळायला हे कुभांड रचलंय. दोन दिवसांनी नदीपलीकडचा मेंढपाळ आपला कळप घेऊन आला. गिरणीवाला स्वतः त्याला आणायला गेला होता.

तो कळप याच माळाच्या दुसऱ्या अंगाला चरून आला होता. तात्या धावत रस्त्यावर गेला आणि मधोमध उभा राहिला. मेंढपाळ भला माणूस होता. त्यानं रामराम घातला, शिट्टी वाजवली, आणि मेंढ्या तात्याच्या दोन्ही बाजूंनी वाट काढत निघून गेल्या. धुरळा खाली बसेपर्यंत तो तिथंच उभा होता. पोटाखालच्या लोकरीत अडकलेली बोंडं त्यानं डोळ्यांनी बघितली होती.

परत आला तर अक्का त्याच्या दारात पायरीवर बसलेली.

"तुला पण तोच कळप पाहिजे असेल तर जा," तात्या म्हणाला. "अजून जागा असेल."

"मला हाकलू नकोस. किती दिवस लागतील ते सांग."

"आठवडा. पण पेरणी..."

"पेरणी माझी आहे, मी बघेन. पाऊस आधी आला तर माझं नशीब." ती कळपाकडे बघत म्हणाली. "तुझ्या बायकोनं मिरच्या उपटल्या. ती मला चार मिरच्या देतानाही मोजून देते. तिनं मिरच्या उपटल्या म्हणजे काहीतरी खरं असणार."

आठवडा सरेपर्यंत तिघांचा जीव टांगणीला होता. आभाळ रोज भरून यायचं आणि वारा ते ढकलून न्यायचा. गायीची सगळी गंज मेंढ्यांनी संपवली. मग तात्या कळप अक्काच्या शेतात घेऊन गेला, मेंढ्या तिथं बसल्या, आणि त्या निघाल्या नाहीत तोच पाऊस आला.

पाऊस होऊन थोडे दिवस गेले, तेव्हा बायकोनं मागून हाक मारली. "अहो, या. तुमचं पीक बघा."

पाय ठेवायला जागा नव्हती. दोन दोन गोल पानं, लाल देठ, या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत. तात्याला वाटलं होतं उगवेल, पण एवढं उगवेल असं वाटलं नव्हतं. त्याला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही. बायकोनं त्याच्या पुढ्यात पाटी सरकवली आणि दोघं उपटायला बसली. दुपारी अक्का आली. तिच्या शेतात सऱ्यांमधून नुसतं पेरलेलं उगवलं होतं, मधली माती काळी स्वच्छ होती. ते तिनं एका वाक्यात सांगितलं आणि पदर खोचून तीही खाली बसली.

ऊन कलायला लागलं तेव्हा रस्त्यावरून गिरणीवाल्याची हाक आली. "तात्या, रुसवा सोड आणि ये बघायला. माझं शेत सगळ्यांच्या आधी हिरवं झालंय."

तात्या उठला. मूठ तशीच भरलेली होती. गिरणीवाल्याच्या शेताच्या बांधावर जाऊन त्यानं ती उघडली. गिरणीवाला हसत होता. तात्याच्या हातातल्या कोंबांकडे बघून तो आधी काही समजलाच नाही. मग वाकला, आपल्या शेतातला एक कोंब उपटला आणि दोन्ही शेजारी धरले. देठ लाल होता. त्यानं आणखी लांब जाऊन दुसरा उपटला, मग तिसरा.

"आता उपटता येईल," तात्या म्हणाला. "फुलायच्या आत. आम्ही तिघं येतो."

गिरणीवाला मान हलवत राहिला.

"नदीपलीकडचा कळप कुठं आहे?" तात्यानं विचारलं.

गिरणीवाल्यानं हातातले कोंब खाली टाकले. "खाली गेला," तो म्हणाला. "खालच्या सगळ्या गावांत. चार दिवस झाले. माझं शेत बघून जो तो बोलवायला आला होता."

खालच्या अंगाला नुकतीच नांगरलेली शेतं लांबपर्यंत दिसत होती. दोघं थोडा वेळ तिकडे बघत उभे राहिले. मग तात्या परत फिरला. घरामागचं अर्धंअधिक उपटायचं राहिलं होतं.